आठवडाभरात पुन्हा भरणारे फोनचे स्टोरेज: पुसण्याआधी काय तपासावे

फोनचे स्टोरेज एकदा भरणे ही तक्रार वेगळी आणि मोकळे केलेले स्टोरेज आठ-पंधरा दिवसांत पुन्हा भरणे ही तक्रार वेगळी. पहिलीवरचा उपाय सोपा असतो. नको ते पुसावे आणि कामाला लागावे. दुसरीत मात्र माणूस दर रविवारी फोन घेऊन बसतो, फोटो एकेक करून निवडतो, दोन-चार ॲप काढून टाकतो आणि तरीही पुढच्या आठवड्यात बँकेचे ॲप अपडेट होत नाही, कॅमेरा उघडताच जागा शिल्लक नसल्याची सूचना येते किंवा व्हॉट्सॲपवर आलेली पावती डाउनलोडच होत नाही. हा मजकूर या दुसऱ्या तक्रारीविषयी आहे. नागपुरात आमच्या वस्तीतील वाचनालयात मी लोकांना फोनच्या अडचणी सोडवून देतो आणि तिथे सर्वाधिक येणारी तक्रार हीच आहे. ती वारंवार येण्याचे कारण बहुतेक फोनमध्ये एकच आढळते: जे सर्वांत मोठे दिसते ते पुसले जाते आणि जे रोज वाढत असते त्याला कोणी हात लावत नाही.

आधी नोंद, मग साफसफाई

सेटिंग्जमध्ये जाऊन 'स्टोरेज' उघडल्यावर ॲप्स, फोटो, व्हिडिओ, ऑडिओ, कागदपत्रे, सिस्टिम, इतर आणि ट्रॅश (कचरापेटी) अशी यादी दिसते. फोन कोणत्या कंपनीचा आहे त्यावर नावे थोडी बदलतात. या पडद्यावरचे सगळे आकडे तारखेसह कागदावर लिहून ठेवावेत, त्या दिवशी काहीही पुसू नये आणि बरोबर एक आठवड्याने तेच आकडे पुन्हा लिहावेत. दोन रकान्यांतील फरक ज्या ओळीत सर्वांत जास्त निघेल तिथे शोध घ्यायचा असतो. हे सांगितले की समोरच्या व्यक्तीचा चेहरा पडतो, कारण तिला जागा आजच हवी असते. अगदीच अडचण असेल तर एखादा मोठा व्हिडिओ संगणकावर हलवून तात्पुरती सोय करावी, पण नोंद टाळू नये.

या यादीत 'सिस्टिम' या नावापुढे दहा ते वीस जीबी दिसतात आणि अनेकांना वाटते की चोर सापडला. तसे नसते. ती जागा कार्यप्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टिमची) असते, फोन विकत घेतला त्या दिवसापासून ती व्यापलेली असते आणि आठवड्यागणिक ती फारशी बदलत नाही. ६४ जीबीच्या फोनमध्ये आपल्या हाती प्रत्यक्षात ४५ ते ५० जीबीच येतात ते यामुळेच. शिवाय निर्माते एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट असे मोजतात, तर काही संगणक आणि ॲप १०२४च्या पटीत मोजतात. त्या हिशेबाने ६४ जीबी हे सुमारे ५९.६ भरतात. हा मोजमापातला फरक आहे, कोणी जागा खाल्लेली नसते.

स्टोरेज काठोकाठ भरू न देण्यालाही तांत्रिक कारण आहे. फोनमधील फ्लॅश मेमरीत जुन्या माहितीवर थेट नवी माहिती लिहिता येत नाही. आधी तो संपूर्ण विभाग पुसावा लागतो, आणि पुसण्यापूर्वी त्यातील कामाची माहिती दुसरीकडे हलवावी लागते. या हलवाहलवीसाठी मोकळी जागा नसली की लिहिण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे भरलेला फोन अडखळतो, कीबोर्ड उशिरा उघडतो आणि रांगेत उभे असताना यूपीआयचे ॲप गोल गोल फिरत राहते. एकूण जागेपैकी दहा ते पंधरा टक्के जागा कायम मोकळी ठेवावी असे मी सर्वांना सांगतो.

व्हॉट्सॲप: बहुतेकांचे उत्तर इथेच सापडते

नागपुरातील महाल भागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा फोन माझ्याकडे आला तेव्हा बाईंनी आपल्या हिमाचलच्या सहलीचे जवळपास सगळे फोटो पुसून टाकले होते. स्टोरेजच्या पडद्यावर 'ॲप्स'च्या यादीत व्हॉट्सॲपपुढे एक जीबीसुद्धा दिसत नव्हता, म्हणून त्यांचा व्हॉट्सॲपवर संशयच गेला नव्हता. परंतु व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्याखाली 'मॅनेज स्टोरेज' उघडले तेव्हा तिथे एकोणीस जीबी भरले होते. दोन्ही आकडे खरेच होते. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइली फोनमध्ये 'अँड्रॉइड' या फोल्डरमधील 'मीडिया' या उपफोल्डरात साठतात आणि अनेक फोनमध्ये त्यांची गणना ॲपच्या नावावर न होता फोटो, व्हिडिओ, कागदपत्रे अशी विखुरून होते. त्यामुळे स्टोरेजच्या मुख्य यादीवर विसंबून राहिल्यास व्हॉट्सॲप साळसूद दिसते. बाईंनी पुसलेले सहलीचे फोटो मिळून दोन जीबीही नव्हते. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे तीन ग्रुप मात्र अकरा जीबी घेऊन बसले होते.

'मॅनेज स्टोरेज'च्या पडद्यावर वरच्या बाजूला पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली असे दोन कप्पे असतात आणि त्यांच्याखाली कोणत्या ग्रुपने किती जागा व्यापली आहे याची उतरत्या क्रमाने यादी असते. सुरुवात फॉरवर्डच्या कप्प्यापासून करावी, कारण त्यात घरचे काही असण्याची शक्यता सर्वांत कमी असते. नंतर मोठ्या फाइलींकडे वळावे आणि त्या आकारानुसार लावून घ्याव्यात. एक खबरदारी येथे अत्यावश्यक आहे: व्हॉट्सॲपमधून पुसलेली फाइल कोणत्याही कचरापेटीत जात नाही. ती गेली की गेली. म्हणून लग्नाच्या ग्रुपमधील व्हिडिओ, दवाखान्याचे अहवाल आणि मालमत्तेची कागदपत्रे आधी अन्यत्र उतरवून घ्यावीत आणि मगच पूर्ण यादी निवडण्याचे धाडस करावे.

इतके करूनही आठवड्याने पुन्हा तेच होणार असते, कारण येणारी आवक थांबलेली नसते. 'स्टोरेज अँड डेटा' याच पानावर 'मीडिया ऑटो डाउनलोड' हा भाग आहे आणि त्यात मोबाइल डेटा, वाय-फाय व रोमिंग अशा तीन ओळी आहेत. व्हॉट्सॲप नव्याने बसवलेले असताना मोबाइल डेटावर फक्त फोटो आपोआप उतरतात, परंतु वाय-फायवर फोटो, ऑडिओ, व्हिडिओ आणि कागदपत्रे असे सर्व काही उतरते. लोक डेटा वाचवण्यासाठी पहिल्या ओळीतील खुणा काढतात आणि दुसरी ओळ तशीच सोडतात. घरी फायबरचे कनेक्शन घेतल्यापासून फोन भरायला लागला असे जे अनेक जण सांगतात, त्याचे कारण या दुसऱ्या ओळीत आहे. वाय-फायच्या ओळीतील चारही खुणा काढून टाकाव्यात. त्यानंतर फोटो धूसर दिसतो आणि त्यावर बोट ठेवले तरच उतरतो. आवाजी संदेश मात्र नेहमीच आपोआप उतरतात. ते थांबवता येत नाहीत आणि त्यांना जागाही फारशी लागत नाही.

'मीडिया व्हिजिबिलिटी' या पर्यायाबद्दल मोठा गैरसमज आहे. तो बंद केला की गॅलरीत व्हॉट्सॲपचे फोटो दिसेनासे होतात आणि लोकांना वाटते की ते फोनमध्ये येणेही थांबले. प्रत्यक्षात फाइली पूर्वीसारख्याच येत राहतात, फक्त नजरेआड होतात. ज्यांच्या गॅलरीत मोजके फोटो असूनही फोन भरलेला असतो, त्यांच्याकडे हा पर्याय मी सर्वप्रथम पाहतो.

आपण पाठवलेल्या फाइलींचाही हिशेब ठेवावा लागतो. व्हॉट्सॲपच्या फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रांच्या फोल्डरांत 'सेंट' नावाचा आणखी एक फोल्डर असतो व त्यात पाठवलेल्या फाइलीची प्रत राहते. ज्यांचा दिवस पीडीएफ पाठवण्यात जातो त्यांनी फाइल मॅनेजरमधून तो फोल्डर महिन्यातून एकदा उघडून पाहावा. मूळ फाइल फोनमध्ये वेगळी असतेच, त्यामुळे तीच पीडीएफ दोनदा जागा घेते. 'डेटाबेसेस' या फोल्डरात संभाषणांच्या अलीकडच्या सुमारे सात दिवसांच्या प्रती असतात. त्यांतील सर्वांत नवी प्रत कधीही पुसू नये.

आवक काही घरांत बारमाही असते आणि काहींकडे हंगामी. तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक निघते त्या दिवशी नागपुरातील प्रत्येक ग्रुपवर तिचे व्हिडिओ येतात, एकच मिरवणूक दहा गच्च्यांवरून दिसते आणि संध्याकाळपर्यंत दोन-तीन जीबी भरून जातात. कळमना बाजारात संत्र्याचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांचा फोन वर्षातून दोनदाच भरायचा आणि त्यामुळे त्याचे कारण त्यांच्या लक्षात येत नव्हते. आंबिया बहाराचा माल ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास आणि मृग बहाराचा फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास बाजारात येतो. या दोन्ही काळांत काटोल-वरुडकडचे बागायतदार त्यांना मालाचे, क्रेटचे आणि गाडी भरतानाचे व्हिडिओ पाठवत. हे व्हिडिओ त्यांना पुसता येत नाहीत, कारण मालाच्या प्रतीवरून वाद झाला तर तोच पुरावा असतो. त्यांच्यासाठी ऑटो डाउनलोड बंद करून कामाचे तेवढे व्हिडिओ हाताने उतरवणे आणि हंगाम संपताच ते दुकानातील संगणकावर तारीखवार फोल्डरांत ठेवणे हीच पद्धत योग्य ठरली. यात लक्षात घेण्याची गोष्ट अशी की न उतरवलेला व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर कायम राहत नाही. कामाचा असेल तर तो त्याच आठवड्यात उतरवून घ्यावा.

पुसले तरी जागा का मिळाली नाही

पुष्कळ फोटो पुसूनही आकडा हलत नाही तेव्हा फाइली ट्रॅशमध्ये बसलेल्या असतात. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसल्यावर तो ६० दिवस आणि बॅकअप न झालेला ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतो. बहुतेक कंपन्यांच्या गॅलरीला स्वतःची वेगळी कचरापेटी असते आणि गुगलच्या 'फाइल्स' ॲपलाही. म्हणजे एकाच फोनमध्ये तीन पेट्या असू शकतात आणि तिन्ही स्वतंत्रपणे रिकाम्या कराव्या लागतात. रिकामे करण्यापूर्वी आत एकदा नजर टाकावी, कारण घाईत चुकून पुसलेला एखादा हवा असलेला फोटो तिथेच सापडतो.

गुगल फोटोजमध्ये 'डिलीट' आणि 'फ्री अप स्पेस' या दोन क्रियांचा परिणाम पूर्णपणे भिन्न आहे. बॅकअप चालू असताना फोटो डिलीट केला तर तो फोनमधूनही जातो आणि गुगलच्या खात्यातूनही जातो. 'फ्री अप स्पेस' मात्र ज्या फोटोंची प्रत खात्यात सुरक्षित पोहोचली आहे त्यांचीच फोनमधील प्रत काढते आणि खात्यातील प्रत तशीच ठेवते. फोटो जपून जागा हवी असेल तर दुसरा मार्ग घ्यावा. 'फोटो क्लाउडवर आहेत ना, मग फोनमधून पुसते' असे म्हणत गॅलरी रिकामी करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना साठ दिवसांच्या आत आठवण झाली तर ठीक, नाहीतर काही करता येत नाही.

अर्थात बॅकअप खरोखर चालू आहे का, हे आधी पाहावे. गुगल प्रत्येक खात्याला १५ जीबी विनामूल्य देते आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह व फोटोज या तिघांचा वाटा असतो. १ जून २०२१ पूर्वी 'हाय क्वालिटी' दर्जाचे फोटो या मर्यादेत मोजले जात नसत; त्या तारखेनंतरचे सर्व मोजले जातात. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून याच १५ जीबीमध्ये धरला जातो. परिणामी खाते भरते, फोटोंचा बॅकअप अडून राहतो, त्याची सूचना इतर पन्नास सूचनांसोबत बाजूला सारली जाते आणि महिन्यांनंतर 'फ्री अप स्पेस' दाबल्यावर मोकळे करण्यासारखे काही नाही असे उत्तर येते. फोन भरण्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे खातेही भरलेले निघाले तर आधी खाते मोकळे करावे. जीमेलमध्ये मोठ्या जोडण्यांची जुनी पत्रे शोधावीत आणि व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधील 'व्हिडिओ समाविष्ट करा' ही खूण काढावी. तेवढ्याने खात्यात बरीच जागा होते.

कॅमेऱ्याची सेटिंग

नोंदवहीत 'व्हिडिओ'ची ओळ वाढलेली असेल आणि व्हॉट्सॲप निर्दोष ठरले असेल, तर कॅमेऱ्याचे रिझोल्यूशन तपासावे. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये दिलेल्या अंदाजानुसार १०८० पिक्सेल आणि सेकंदाला ३० फ्रेम या दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडिओ सुमारे ६० एमबी घेतो, ४के आणि ३० फ्रेमचा सुमारे १७० एमबी, तर ४के आणि ६० फ्रेमचा तब्बल ४०० एमबी घेतो. अँड्रॉइड फोनमध्ये आकडे थोडेफार वेगळे असतील, पण प्रमाण साधारण असेच राहते. पेंच किंवा ताडोबाच्या सफारीत ४के आणि ६० फ्रेमच्या दर्जात अर्धा तास चित्रीकरण केले की १२ जीबी जातात, आणि त्यातला वाघ बहुधा दोन मिनिटांचाच असतो. वाढदिवस आणि संमेलनांसाठी १०८० पिक्सेल पुरेसे आहेत. फोटोसोबत काही क्षणांचा व्हिडिओ टिपणारे 'मोशन फोटो' किंवा 'लाइव्ह फोटो' हे पर्यायही गरज नसल्यास बंद ठेवावेत.

कॅशे, डेटा आणि 'क्लीनर' ॲप

एखाद्या ॲपच्या माहितीच्या पानावर 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' अशी दोन बटणे शेजारी-शेजारी असतात. कॅशे म्हणजे ॲपने सोयीसाठी साठवलेली तात्पुरती माहिती. ती पुसल्याने नुकसान होत नाही, परंतु वापर सुरू झाला की ती पुन्हा जमा होते. त्यामुळे हा वारंवार भरणाऱ्या फोनवरचा उपाय नाही, तातडीची मलमपट्टी आहे. डेटा पुसला तर मात्र ॲप नव्याने बसवल्यासारखे होते. यूपीआय ॲपमध्ये पुन्हा एसएमएसने नोंदणी करावी लागते, बँकेचे ॲप लॉगिन मागते आणि ज्या टिपणांचा बॅकअप नाही ती नाहीशी होतात. व्हॉट्सॲपवर हे बटण दाबू नये.

टेलिग्रामची गोष्ट निराळी आहे. त्यातील संदेश आणि फाइली टेलिग्रामच्या सर्व्हरवर असतात, फोनमध्ये असते ती कॅशे. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स आणि व्याख्यानांचे व्हिडिओ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये ही कॅशे सहज १५ जीबीपर्यंत गेलेली मी पाहिली आहे. 'डेटा अँड स्टोरेज'मधील 'स्टोरेज युसेज' येथे जाऊन फाइली किती दिवस ठेवायच्या आणि कॅशेची कमाल मर्यादा किती हे ठरवता येते. ही मर्यादा एकदा घालून दिली की पुन्हा बघावे लागत नाही, आणि त्यामुळे टेलिग्राम या बाबतीत व्हॉट्सॲपपेक्षा शहाणे आहे असे माझे मत आहे. एखाद्या चॅनेलने मूळ फाइल काढून टाकली तर ती परत मिळत नाही, इतकेच ध्यानात असावे.

यूट्यूब आणि इतर मनोरंजनाच्या ॲपमधील ऑफलाइन उतरवलेले भाग त्या-त्या ॲपच्या आतूनच पुसावे लागतात. गॅलरीत ते दिसत नाहीत. प्रवासासाठी उतरवलेल्या मालिका परत आल्यावर वर्षभर तशाच पडून असतात.

जागा मोकळी करून देण्याचे आश्वासन देणारी अनोळखी 'क्लीनर' ॲप घेऊ नयेत. ती कॅशे पुसण्यापलीकडे फारसे काही करत नाहीत, फाइलींची परवानगी मागतात, जाहिराती दाखवतात आणि वर स्वतःही जागा घेतात. गुगलचे 'फाइल्स' ॲप किंवा फोनमध्ये मुळात असलेला फाइल मॅनेजर या कामाला पुरेसा आहे.

न दिसणारी जागा

काही फोनमध्ये रॅम, म्हणजे चालू कामापुरती वापरली जाणारी मेमरी, कमी असल्याची भरपाई म्हणून स्टोरेजचा एक भाग रॅमसारखा वापरला जातो. 'रॅम प्लस', 'मेमरी एक्स्टेन्शन' अशा नावांनी हा पर्याय सेटिंग्जमध्ये सापडतो आणि तो चार ते आठ जीबी राखून ठेवतो. ६४ जीबीच्या फोनमध्ये तो किमान पातळीवर आणावा किंवा बंद करून फोन रीस्टार्ट करावा. दोन सिमकार्डांसाठी 'ड्युअल ॲप' वापरून दुसरे व्हॉट्सॲप चालवणाऱ्यांनी त्या दुसऱ्या व्हॉट्सॲपमध्येही वरील सर्व सेटिंग्ज स्वतंत्रपणे कराव्या लागतात. त्याच्या फाइली वेगळ्या कप्प्यात असतात आणि अनेक फाइल मॅनेजरना त्या दिसतही नाहीत.

मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात फुटपाथवर निम्म्या किमतीत मिळणारे मोठ्या क्षमतेचे कार्ड घेण्याचा मोह टाळावा. बनावट कार्डात प्रत्यक्ष जागा थोडी असते, पण ते फोनला मोठा आकडा सांगते. खरी जागा संपल्यावर पुढच्या फाइली लिहिल्या गेल्यासारख्या दिसतात आणि नंतर उघडत नाहीत. कार्ड पक्क्या पावतीनेच घ्यावे आणि पहिल्याच दिवशी संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ यांसारख्या विनामूल्य साधनाने ते काठोकाठ भरून आणि परत वाचून तपासावे. या तपासणीला काही तास लागू शकतात.

कार्ड टाकल्याने सर्व प्रश्न सुटत नाहीत. कॅमेऱ्याचे फोटो-व्हिडिओ त्यावर ठेवता येतात, परंतु व्हॉट्सॲप आपल्या फाइली फोनच्या अंतर्गत स्टोरेजमध्येच ठेवते. काही फोन कार्डाला अंतर्गत स्टोरेजचा भाग करून घेण्याची सोय देतात. तसे केल्यास कार्ड त्या फोनशी बांधले जाते आणि दुसरीकडे वाचता येत नाही. जिथे कार्ड आणि दुसरे सिम यांची एकच खाच आहे, तिथे दोहोंपैकी एक सोडावे लागते. आणि कार्डावर हलवलेला फोटो हा बॅकअप नव्हे. कार्ड कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडते.

टाइप-सी पेनड्राइव्ह हा मला अधिक भरवशाचा वाटतो. फाइली 'मूव्ह' न करता 'कॉपी' कराव्यात, पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावावा, त्यातील सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या काही फाइली उघडून पाहाव्यात आणि त्यानंतरच फोनमधील मूळ फाइली पुसाव्यात. मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, हे काम दुपारी करू नये. मोठी कॉपी आणि चार्जिंग एकाच वेळी चालू असले की फोन तापतो, वेग कमी करतो आणि कधी मध्येच थांबतो. अर्धवट राहिलेली कॉपी ओळखणे कठीण जाते.

आयफोन आणि टॅबलेट

आयफोन व आयपॅडवर 'जनरल'मधील 'स्टोरेज' या पानावर 'ऑफलोड' हा पर्याय मिळतो. त्यामुळे ॲप जाते, त्यातील माहिती राहते. पुसलेले फोटो ३० दिवस 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये असतात. आयक्लाउडवर विनामूल्य जागा केवळ ५ जीबी असल्यामुळे ती लवकर भरते, आणि मूळ फोटो आयक्लाउडवर ठेवून फोनमध्ये लहान प्रत ठेवणारा 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' हा पर्याय तेवढ्या जागेत फार उपयोगी पडत नाही. मुलांच्या अभ्यासाच्या ३२ जीबीच्या अँड्रॉइड टॅबलेटवर व्याख्यानांचे डाउनलोड आणि खेळ हीच दोन कारणे असतात. एका वेळी एकाच विषयाचे धडे उतरवून ठेवण्याचा नियम तिथे पुरतो.

तरीही भरत असेल तर

आवक बंद केल्यावर आठवड्याच्या नोंदी आणखी चार आठवडे चालू ठेवाव्यात. 'सिस्टिम' किंवा 'इतर' हीच ओळ दर आठवड्याला वाढत असेल, तर फोन रीस्टार्ट करावा, कार्यप्रणालीचे प्रलंबित अपडेट पूर्ण करावे आणि अलीकडे बसवलेली ॲप एकेक करून काढून पाहावीत. फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोनमधील सगळे पुसून तो नव्यासारखा करणे, हा अगदी शेवटचा मार्ग आहे. दुरुस्तीच्या दुकानांत तो पहिलाच सुचवला जातो, कारण त्यात शोधाशोध करावी लागत नाही. रीसेटनंतर व्हॉट्सॲपचा बॅकअप परत घेतला की त्यातील सगळा पसारा परत येतो आणि ऑटो डाउनलोडच्या खुणाही पुन्हा मूळ स्थितीत गेलेल्या असू शकतात.

ओळी स्थिर झाल्या आहेत, आवक थांबली आहे आणि तरीही दहा टक्के जागा मोकळी राहत नाही, असे झाल्यास मात्र फोनच लहान पडतो आहे असे समजावे. ३२ जीबीच्या जुन्या फोनांत हे होतेच. नवा फोन घेताना १२८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. जुन्या फोनमधील माहिती त्यात नेण्यापूर्वी 'मॅनेज स्टोरेज'मधील मोठ्या फाइली आणि तिन्ही ट्रॅश रिकामे करावेत, आणि व्हॉट्सॲप सुरू झाल्याबरोबर, घरच्या वाय-फायशी फोन जोडण्याआधी, वाय-फायच्या ओळीतील चारही खुणा काढाव्यात.